कोकणपट्टीतल्या अवजड औद्योगिक इमारतींचा पाया आणि सॉफ्टवेअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाड, लोटे, रोहा-धाटाव, तळोजा, उरण या भागांतल्या कामांवर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दाबाचे आकडे किलोन्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये आहेत. उदाहरणांतली मापं हिशोब समजावा म्हणून घेतली आहेत, ती उचलून ड्रॉइंगवर टाकू नयेत.

1. पायासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? स्टॅड प्रो पुरत नाही का?

इमारतीचा सांगाडा सोडवायला, म्हणजे त्यातले जोर काढायला, स्टॅड प्रो किंवा ईटॅब्स हे सॉफ्टवेअर पुरतं. पायाचा आकार, जाडी आणि स्टील काढणं हे वेगळं काम आहे. सुटी फूटिंग्ज (एकेका कॉलमखालचे पाये) आणि पाइल कॅप (जमिनीत खोल जाणाऱ्या खांबांच्या, म्हणजे पाइलच्या, माथ्यावरचा काँक्रीटचा ठोकळा) स्टॅड फाउंडेशनमध्ये होतात, राफ्ट (सगळ्या कॉलमखालचा एकच सलग जाड स्लॅब) आणि अवजड फ्लोअर स्लॅबसाठी सेफ हे सॉफ्टवेअर सोयीचं पडतं. खाडीचा चिखल, खोल खोदाई, शेजारची जुनी इमारत अशा ठिकाणी मातीच कशी वागेल हा प्रश्न असतो, तेव्हा प्लॅक्सिससारखं सॉफ्टवेअर लागतं. वीस-पंचवीस कॉलमच्या साध्या शेडला मात्र तपासलेली एक्सेल शीट सगळ्यात जलद, आणि ती दुसऱ्या माणसाला वाचताही येते.

2. प्लॉट एक एकराचा आहे. किती बोअर (माती तपासायची खोल भोकं) मारायचे आणि किती खोल?

भारतीय मानक आयएस 1892 प्रमाणे साधारण 0.4 हेक्टरला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. कोकणात ही संख्या किमान समजा. अवजड कॉलम, सायलो, प्रेस, टाकी यांच्या जागी स्वतंत्र बोअर घ्या. खोली फूटिंगच्या तळापासून रुंदीच्या निदान दीडपट हवी. कातळ लागला म्हणून लगेच मशीन हलवू देऊ नका, 3 ते 5 मीटर कोअर (कातळाचा गोल दांड्यासारखा नमुना) काढून घ्या. दीड मीटरवर लागलेला ‘कातळ’ कधी कधी मुरमात अडकलेला एकटा धोंडा असतो. रिपोर्टमध्ये एसपीटीचे (ठोके मारून मातीचा घट्टपणा पाहणाऱ्या चाचणीचे) आकडे, कोअर रिकव्हरी (किती कोअर हाती आला), आरक्यूडी (त्यात लांब अखंड तुकडे किती), पाण्याची पातळी आणि ती कोणत्या महिन्यात मोजली, मातीतले आणि पाण्यातले क्लोराइड व सल्फेट हे सगळं मागून घ्या. मे महिन्यातली पाण्याची पातळी डिझाइनला कामाची नाही (प्र. 12 पाहा).

3. रिपोर्टमधला एसबीसी (माती सुरक्षितपणे पेलेल तो दाब) सॉफ्टवेअरमध्ये तसाच भरायचा ना?

आधी तो नेट आहे की ग्रॉस ते पाहा. आपल्याकडचे बहुतेक रिपोर्ट नेट आकडा देतात, म्हणजे खोदून काढलेल्या मातीचं वजन त्यात आधीच वजा असतं. सॉफ्टवेअर मात्र बहुधा फूटिंगचं आणि वरच्या भरावाचं वजन धरून ग्रॉस दाब काढतं. नेट आकडा ग्रॉसच्या खान्यात भरला तर फूटिंग उगाच मोठं येतं, उलट झालं तर लहान येतं. 2 मीटर खोलीवर हा फरक सुमारे 36 चा, म्हणजे 18 गुणिले 2. दुसरं, तो एसबीसी किती रुंदीच्या फूटिंगसाठी आणि किती खचण्यावर दिलाय तेही वाचा. 2 मीटरच्या फूटिंगचा आकडा 12 मीटरच्या राफ्टला लावता येत नाही.

4. स्टॅडमधल्या रिअ‍ॅक्शन पायाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना काय चुकतं?

तीन गोष्टी चुकतात, आणि तिन्ही शांतपणे चुकतात, एरर येत नाही.

पहिली चूक चिन्हाची. रिअ‍ॅक्शन म्हणजे आधाराने दिलेला उलटा जोर. पायावरचा भार त्याच्या विरुद्ध असतो. तीन जोर आणि तीन मोमेंट (वाकवणारे किंवा पिळणारे परिणाम) अशी सहाच्या सहा चिन्हं उलटायची, फक्त उभा भार नाही.

दुसरी चूक अक्षांची. स्टॅडमध्ये मूळ सेटिंगला वाय वर असतो, सेफमध्ये झेड. स्टॅडचा झेड सेफमध्ये उणे वाय होतो. फाइल हाताने कॉपी केली तर मोमेंट चुकीच्या दिशेने बसतात आणि आयताकृती फूटिंग आडवं पडतं.

तिसरी चूक आडव्या भाराची, आणि तीच सगळ्यात महागात जाते. समजा आधार पेडेस्टलच्या (फूटिंगवरच्या आखूड खांबाच्या) माथ्यावर धरलाय आणि फूटिंगचा तळ त्याखाली 2 मीटर आहे. सर्व्हिस लोड (गुणक न लावलेला प्रत्यक्ष भार) 1800 किलोन्यूटन, मोमेंट 220 किलोन्यूटन-मीटर, त्याच दिशेने ढकलणारा आडवा भार 60 किलोन्यूटन. 3.2 मीटर चौरस फूटिंगखाली कमाल दाब 176 अधिक 40 म्हणजे 216. फूटिंगचं काँक्रीट मातीपेक्षा जड असतं, त्याचे सुमारे 5 धरले तर 221. नेट एसबीसी 230 असेल तर पास. पण 60 गुणिले 2 म्हणजे 120 चा मोमेंट तळाशी वाढतो. एकूण 340 झाला की दाब 243 होतो आणि तेच फूटिंग नापास. 3.4 मीटर केलं की 213 वर येतं. सॉफ्टवेअरमध्ये पेडेस्टलची उंची शून्य ठेवली, तर हे 120 कुणाच्याच हिशोबात येत नाहीत.

5. फूटिंगचा आकार कोणत्या लोड कॉम्बिनेशनवर (एकत्र धरलेल्या भारांवर) काढायचा?

आकार आणि खचणं सर्व्हिस लोडवर, जाडी आणि स्टील फॅक्टर्ड (सुरक्षेचा गुणक लावलेल्या) लोडवर. स्टॅड फाउंडेशनमध्ये प्रत्येक कॉम्बिनेशन कोणत्या वर्गात टाकायचं ते निवडावं लागतं. ती यादी न पाहता पुढे गेलं की 1.5 पट भार एसबीसीशी ताडला जातो. उलटणं आणि सरकणं तपासताना तारणारा भार 0.9 ने कमी करा. त्या तपासणीत क्रेन रिकामी, गोदाम रिकामं, साइड शीट अजून बसलेली नाहीत अशा अवस्थाही असाव्यात. पूर्ण भाराचं कॉम्बिनेशन तिथे सहसा घातक नसतं.

6. राफ्टसाठी स्प्रिंगचा आकडा, म्हणजे सबग्रेड मॉड्युलस, कुठून आणायचा?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. सॉफ्टवेअर मातीच्या जागी स्प्रिंग धरतं; दाब भागिले त्या दाबाने होणारं खचणं म्हणजे हा आकडा. सोपी वाट अशी : एसबीसी भागिले तो ज्या खचण्यावर दिलाय ते खचणं. 200 चा एसबीसी 25 मिलिमीटरवर असेल तर 200 भागिले 0.025 म्हणजे 8000 किलोन्यूटन प्रति घनमीटर. एका प्रचलित सूत्रात एसबीसीला सुरक्षा गुणकाने गुणून मग भागतात. तिथे त्याच मातीसाठी 24000 येतात. एक आकडा दुसऱ्याच्या तिप्पट, आणि दोन्ही छापील. ज्या रिपोर्टमध्ये एसबीसी खचण्यावरून ठरलाय तिथे पहिली वाट धरावी, कारण गुणक त्यात वेगळा उरलेलाच नसतो.

प्लेट लोड टेस्टचा (जमिनीवर लहान प्लेट दाबून पाहण्याच्या चाचणीचा) आकडा थेट वापरणं ही दुसरी नेहमीची चूक. 300 मिलिमीटरच्या प्लेटवरचा मॉड्युलस 3 मीटर रुंदीला नेताना वाळूत सुमारे 30 टक्के उरतो, चिकणमातीत 10 टक्के. राफ्ट 15 मीटरची असेल तर चिकणमातीत 2 टक्केच. शिवाय प्लेट खाली 60 सेंटिमीटरच्या आसपासच पाहते, त्याखालच्या मऊ थराचा तिला पत्ता नसतो.

सारख्या स्प्रिंगचा आणखी एक सापळा आहे. सगळीकडे सारखा भार असलेलं गोदाम किंवा टाकी सारख्या स्प्रिंगवर सरळ खाली जाते. मोमेंट शून्याजवळ येतात आणि सॉफ्टवेअर किमान स्टील देऊन मोकळं होतं. खरी माती मध्यभागी जास्त दबते, राफ्ट ताटासारखी वाकते. त्यासाठी कडेच्या पट्ट्याला मधल्याच्या दीड ते दोनपट ताठ स्प्रिंग द्यावी, किंवा माती तज्ज्ञाकडून खचण्याचा नकाशा घेऊन प्रत्येक झोनचा दाब भागिले खचणं असा आकडा भरावा.

काहीही वापरलं तरी निम्म्या आणि दुप्पट आकड्यावर मॉडेल पुन्हा चालवा आणि तिन्हींतला मोठा मोमेंट घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

7. राफ्टच्या कोपऱ्यात दाब उणे दाखवतोय. चालेल का?

नाही. माती राफ्टला खाली ओढून धरत नाही. स्प्रिंग फक्त दाबात काम करणारी ठेवा. स्टॅडमध्ये प्लेट मॅट देताना ‘कॉम्प्रेशन ओन्ली’ लावा, सेफमध्ये अपलिफ्ट धरणाऱ्या नॉनलिनिअर केस बनवा. मग एक पथ्य पाळावं लागतं : वेगवेगळ्या केसची उत्तरं नंतर बेरीज करून चालत नाहीत, कारण कोपरा कधी उचलला जातो ते एकत्र भारावर ठरतं. स्टॅडमध्ये लोड कॉम्बिनेशनऐवजी रिपीट लोड वापरायचा तो यासाठी.

8. कॉलमखाली मोमेंटचा शेंडा फार मोठा येतो. त्यावर स्टील द्यायचं का?

मॉडेलची जाळी (मेश) बारीक केली की तो शेंडा वाढतच जातो. काँक्रीटच्या कॉलमसाठी मोमेंट कॉलमच्या तोंडाशी घ्या आणि पट्ट्याच्या रुंदीत सरासरी काढा. जाळी साधारण राफ्टच्या जाडीएवढी, कॉलमजवळ निम्मी. वळणाचा मोमेंट, म्हणजे एमएक्सवाय, विसरू नका, नाहीतर कोपऱ्यांतलं स्टील कमी पडतं. पंचिंग (कॉलमने स्लॅबला भोक पाडून खाली जाणं) कॉलमच्या तोंडापासून अर्ध्या परिणामी जाडीवर (स्टीलपर्यंतच्या जाडीवर) तपासा. एम30 ग्रेडच्या काँक्रीटमध्ये परवानगीचा ताण 1.37 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. अवजड कॉलमला जाडी बहुतेक वेळा इथेच ठरते. शेवटी हातानेच एक तपासणी : सगळ्या स्प्रिंगची बेरीज आणि एकूण भार जुळला पाहिजे.

9. जांभा लागलाय. म्हणजे कातळच ना?

जांभ्याचं वरचं कवच घट्ट असतं, पोकलेनला ब्रेकर लावावा लागतो. पण खाली जावं तसा तो मऊ होतो, मध्ये पोकळ्या असतात, आणि त्याखाली पांढुरकी-गुलाबी, हाताने चुरडणारी लिथोमार्ज माती लागते. कोरडी असताना ती उभी राहते, पाणी मिळालं की विरघळल्यासारखी होते. 2 मीटर रुंद फूटिंगचा दाब कवचातच पसरून जातो. तेच 12 मीटर राफ्टचा दाब खालच्या मऊ थरापर्यंत पोचतो. म्हणून त्याच प्लॉटवर सुट्या फूटिंगला एक एसबीसी आणि राफ्टला दुसरा असणं चूक नाही.

कामावर : अवजड फूटिंगच्या खड्ड्यात तळापासून निदान 3 मीटर ड्रिल मारून पोकळी पाहा. सापडली तर लीन (कमी सिमेंटचं) काँक्रीट किंवा ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरा. तळ मोकळा झाला त्याच दिवशी 100 मिलिमीटर पीसीसी (स्टीलशिवायचं साधं काँक्रीट) टाका. जूनमध्ये एक रात्र उघडा राहिलेला तळ सकाळी बोटाने उकरतो, तो थर काढूनच पुढे जायचं.

10. प्लॉट उताराचा आहे. अर्धी शेड कापलेल्या जमिनीवर, अर्धी भरावावर. फूटिंगचा आकार बदलून भागेल?

दाब सारखा ठेवला तरी खचणं सारखं होत नाही. आयएस 1904 आरसीसी सांगाड्याला शेजारच्या कॉलमांतला फरक अंतराच्या 0.0015 पटीपर्यंत चालवतं. म्हणजे 6 मीटरच्या बेला (दोन कॉलमांमधल्या अंतराला) 9 मिलिमीटर. पोलादी सांगाड्याला 0.0033, म्हणजे सुमारे 20. मुरमाचा भराव रोलर फिरवूनही तेवढा पहिल्या दोन पावसाळ्यांत बसतो. सगळी फूटिंग्ज एकाच मूळ थरावर न्या, खोल भागात लीन काँक्रीट भरून वर या. भराव 4-5 मीटरच्या पुढे असेल तर त्या भागात पाइल आणि मध्ये सांधा द्या. सॉफ्टवेअरमध्ये सगळे आधार पक्के धरले असतील तर यातलं काहीच दिसत नाही. एका रांगेला 10 मिलिमीटर खचणं देऊन मॉडेल चालवा.

11. खाडीकाठच्या खाजणावर भराव टाकून शेड उभी करायची आहे. कॉलम पाइलवर आहेत, मग फ्लोअर साधा जमिनीवर चालेल?

शेड उभी राहील, फ्लोअर खाली जाईल. हिशोब असा : 6 मीटर सागरी चिखल, त्यावर 2 मीटर मुरमाचा भराव. भरावाचा दाब 36. थराच्या मध्यावरचा मूळ परिणामी दाब सुमारे 15. कॉम्प्रेशन इंडेक्स (माती किती दबते त्याचा आकडा) 0.8 आणि सुरुवातीचं पोकळीचं प्रमाण 2 धरलं तर खचणं 0.8 भागिले 3, गुणिले 6, गुणिले 51 भागिले 15 चा लॉग. म्हणजे जवळपास 0.85 मीटर. माल ठेवण्याआधीच! आणि हे वर्षानुवर्षं चालतं. पाइलवरचा प्लिंथ बीम जागेवर राहतो, लोडिंग डॉकला पायरी पडते, मशीनचे पाइप ताणले जातात.

मुख्य पर्याय दोन. फ्लोअरही पाइलवर घ्या, किंवा आधी प्रीफॅब्रिकेटेड उभे ड्रेन (चिखलातल्या पाण्याला बाहेर वाट देणाऱ्या पट्ट्या) बसवून, वर जादा भराव ठेवून, खचणं मोजत बसा आणि ते थांबल्यावरच बांधा. ‘भराव दोन वर्षं पडून आहे, बसला असेल’ यावर विसंबू नका, सेटलमेंट प्लेटची (खचणं मोजायला बसवलेल्या प्लेटची) नोंद मागा.

पाइलवरही परिणाम होतो. खचणारा चिखल पाइलला धरून खाली ओढतो. 600 मिलिमीटर व्यासाच्या पाइलवर 6 मीटर चिखलाचा, 15 च्या चिकटपणाने, ओढा 1.885 गुणिले 6 गुणिले 15 म्हणजे 170 किलोन्यूटन. भरावाचा ओढा वेगळा. हा भार कॉलमच्या भारात मिळवायचा, आणि त्याच 6 मीटरचं घर्षण क्षमतेत धरायचं नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे खाने रिकामे असतात, तुम्हीच भरायचे. पाइल टेस्टमध्ये मात्र हाच चिखल वर उचलून धरतो, त्यामुळे टेस्टचा आकडा छान दिसतो. तो थर वजा करूनच वाचा.

12. पाण्याची पातळी डिझाइनमध्ये कुठे धरायची?

कोकणात जुलैची पातळी जमिनीलगत धरा, सखल भागात जमिनीवर. 22 जुलै 2021 ला चिपळूण आणि महाडला पुराचं पाणी कुठवर होतं ते स्थानिक खुणांवरून कळतं. तीच पातळी पंप पिट आणि भूमिगत टाकीला लावा.

हलक्या शेडच्या फूटिंगलाही हे लागू आहे, आणि तिथेच विसरलं जातं. 2.4 मीटर चौरस, 0.5 मीटर जाड फूटिंग, वर 1.5 मीटर माती. कोरड्यात वजन 72 अधिक 155, म्हणजे 227 किलोन्यूटन. पाणी जमिनीपर्यंत आलं की 43 अधिक 86, म्हणजे 130 च्या आतबाहेर. वाऱ्याने छप्पर उचलायला लागतं तेव्हा तारणारं वजन नेमकं हेच असतं. आपल्याकडे मोठा वारा आणि भरलेली जमीन एकाच हंगामात येतात. सॉफ्टवेअरमध्ये पाण्याची खोली हा खाना बहुधा सुरुवातीला रिकामा किंवा खूप खोल असतो.

रिकामी भूमिगत टाकी तर बांधकाम चालू असतानाच तरंगते. वरची माती भरेपर्यंत पंप बंद पडू देऊ नका, किंवा तळाला पाणी आत घेणारी तात्पुरती भोकं ठेवा.

13. वारा आणि भूकंप यांतलं काय धरायचं? कोकणात चक्रीवादळ गुणक लागतो का?

आयएस 875 भाग 3 च्या 2015 च्या आवृत्तीत मुंबईचा मूळ वेग 44 मीटर प्रति सेकंद आहे, आपल्या जागेचा नकाशावरून घ्या. चक्रीवादळाचा के4 गुणक मुख्यतः पूर्व किनारा आणि गुजरातसाठी आहे. पण 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर किनाऱ्यालगतच्या कारखान्यांना 1.15 धरून एकदा तपासून पाहणं शहाणपणाचं. सुट्या फूटिंगला फरक बहुतेक वेळा काँक्रीटचा असतो, छपराएवढा खर्चिक नाही.

भूकंपात आयएस 1893 च्या 2016 च्या आवृत्तीत कोयना परिसर झोन 4 मध्ये, गुणक 0.24. मुंबई झोन 3 मध्ये, 0.16. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप कोयनेचा, आणि चिपळूण, खेड, लोटे तिथून लांब नाहीत. झोन प्लॉटच्या जागेवरून पाहा, जिल्ह्यावरून नाही. भूकंपात एसबीसी वाढवून घेण्याची सूट कठीण थरावर 50 टक्के, मध्यम थरावर 25, मऊ थरावर शून्य. सॉफ्टवेअर बहुधा सगळ्यांना एकच टक्का लावतं. खाडीमुखाजवळ बारीक सैल वाळू असेल तर ती भूकंपात पातळ होईल का हेही तपासून घ्या.

14. काँक्रीट कोणत्या ग्रेडचं आणि कव्हर (स्टीलवरचा काँक्रीटचा थर) किती?

आयएस 456 प्रमाणे किनारी हवा म्हणजे ‘सिव्हिअर’ : एम30, कव्हर 45 मिलिमीटर, पाणी-सिमेंट प्रमाण 0.45. समुद्राचे तुषार किंवा खारं, आक्रमक भूजल म्हणजे ‘व्हेरी सिव्हिअर’ : एम35, कव्हर 50. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात एम40, कव्हर 75. फूटिंगला कुठेही 50 पेक्षा कमी नाही. खाडीकाठी पाइलला 75 ठेवा.

खाऱ्या भूजलात सल्फेटरोधक सिमेंट मागण्याची सवय आहे. क्लोराइड जास्त असेल तिथे स्लॅग सिमेंट बरं, कारण ते क्लोराइडला सहजी आत शिरू देत नाही. क्युरिंगला खाडीजवळच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, दर महिन्याला तपासा. डिझाइन सॉफ्टवेअरमधलं मूळ कव्हर तपासून बदलल्याशिवाय फाइल चालवू नका. कव्हर वाढलं की परिणामी जाडी घटते आणि भेगेची रुंदी वाढते.

15. कॉम्प्रेसर, डीजी (डिझेल जनरेटर) सेट राफ्टवरच बसवला तर?

बसवू नका. वेगळा ब्लॉक, आजूबाजूला मोकळी फट. ढोबळ मापाने फिरत्या यंत्राला त्याच्या वजनाच्या तिप्पट, पुढे-मागे धावणाऱ्या दट्ट्याच्या यंत्राला पाचपट वस्तुमान. नैसर्गिक वारंवारता यंत्राच्या वारंवारतेपासून 20 टक्के तरी दूर हवी. ब्लॉक आणि यंत्राचा एकत्र गुरुत्वमध्य तळाच्या मध्यापासून 5 टक्क्यांत ठेवा. मातीचा डायनॅमिक शिअर मॉड्युलस वेगळ्या चाचणीतून येतो. प्र. 6 मधला आकडा इथे चालत नाही, तो फार मऊ असतो.

16. पाइल ठरल्या जागेपासून 110 मिलिमीटर सरकलाय. कॅप तसाच टाकू का?

आयएस 2911 प्रमाणे 600 पर्यंतच्या पाइलला 75 मिलिमीटर किंवा व्यासाचा सहावा भाग, यांतलं कमी ते चालतं. 110 हद्दीबाहेर आहे. सगळ्या पाइलचे प्रत्यक्ष सहनिर्देशक सर्व्हेअरकडून घेऊन मॉडेलमध्ये भरा आणि प्रत्येकावर येणारा भार पुन्हा काढा. दोन पाइलच्या कॅपमध्ये आडव्या दिशेची विकेंद्रता पाइलला वाकवते, तिथे आडवा टाय बीम लागतो. चार पाइलच्या कॅपमध्ये बहुधा स्टीलची जाळी वाढवून भागतं. एका पाइलचा कॅप असेल तर दोन्ही दिशांना बीम, किंवा नवा पाइल.

17. चालू शेडलगत नवा खोल पिट घ्यायचा आहे. जुन्या फूटिंगचं काय?

नवा तळ जुन्याच्या खाली जात असेल तर दोन्हींच्या जवळच्या खालच्या कडा जोडणारी रेष दोन आडवं-एक उभं याहून तीव्र नको. म्हणजे 1.5 मीटर खोल जायचं तर 3 मीटर लांब. जागा नसेल तर आधी मायक्रोपाइल किंवा शीट पाइलची भिंत, मग खोदाई. टप्प्याटप्प्याने, एका वेळी एक कॉलम, आणि पावसाळ्यात नाही. जुन्या फूटिंगचं ड्रॉइंग हाती असलं तरी एक खड्डा घेऊन तळ प्रत्यक्ष बघा. जांभ्यात ठेकेदाराने कठीण लागलं तिथेच थांबून फूटिंग टाकलेलं असणं अगदी नेहमीचं आहे, आणि मग तुमची रेष चुकीच्या कडेपासून काढली जाते.